जुनी बेसबॉल कार्डं: पहिल्या संग्राहकांविषयी आणि विक्रेत्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सगळ्यात पहिलं बेसबॉल कार्ड कोणतं?

बेसबॉल कार्ड म्हणजे खेळाडूचं किंवा संघाचं चित्र असलेला पुठ्ठ्याचा छोटा तुकडा. पहिलं कोणतं म्हटलं की बरेच जाणकार न्यूयॉर्कच्या ‘पेक अँड स्नायडर’ या खेळसाहित्याच्या दुकानाकडे बोट दाखवतात. या दुकानाने १८६९ साली ‘सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज’ या संघाचा फोटो छापून मागच्या बाजूला स्वतःची जाहिरात टाकली आणि ती कार्डं वाटली. खेळाडूंना उघडपणे पगार देणारा हा पहिला संघ, त्यामुळे तो तेव्हा गाजत होता. पण ही दुकानाची जाहिरात झाली. क्रमाने गोळा करावीत, एखादं राहिलं तर झोप लागू नये अशी कार्डं सिगारेटच्या पाकिटातून आली, १८८० नंतरच्या दशकात.

सिगारेटच्या पाकिटात कार्ड कशासाठी घालायचे?

तेव्हाचं पाकीट मऊ कागदाचं असायचं. खिशात सिगारेटी चुरगळू नयेत म्हणून आत पुठ्ठ्याचा तुकडा घालत. तुकडा घालायचाच आहे तर त्यावर चित्र का नको, हे कुणाच्या तरी लक्षात आलं आणि धंदा पालटला. न्यूयॉर्कच्या गुडविन कंपनीने ‘ओल्ड जज’ सिगारेटसोबत १८८६ ते १८९० या काळात पाचशेहून जास्त खेळाडूंचे खरे फोटो पुठ्ठ्यावर डकवून दिले. हे फोटो स्टुडिओत काढलेले. तेव्हाचा कॅमेरा उडता चेंडू पकडू शकत नव्हता, म्हणून चेंडू दोरीला टांगायचे आणि खेळाडूने तो झेलत असल्याचा आव आणायचा. काही कार्डांवर ती दोरी स्पष्ट दिसते. माझ्या मते संपूर्ण छंदातली ही सगळ्यात लोभस कार्डं आहेत, किंमत काही का असेना.

व्हर्जिनियातल्या रिचमंडच्या ‘अ‍ॅलन अँड गिंटर’ कंपनीने १८८७ मध्ये जगभरच्या ५० विजेत्यांचा रंगीत संच काढला. त्यात बेसबॉलवाले फक्त १०. बाकी मुष्टियोद्धे, पैलवान, नौकानयनपटू, बिलियर्ड खेळाडू आणि अ‍ॅनी ओकलीसारखे नेमबाज. पाकिटातली कुपनं साठवून पाठवली की कंपनी छापील अल्बमही द्यायची. गोळा करण्याची सवय लोकांना आपोआप लागली नाही, कंपन्यांनी ती पद्धतशीर लावली.

मग ही कार्डं मध्येच बंद का पडली?

स्पर्धा संपली म्हणून. जेम्स ड्यूकने १८९० मध्ये पाच मोठ्या सिगारेट कंपन्या एकत्र करून ‘अमेरिकन टोबॅको कंपनी’ उभी केली. गुडविन आणि अ‍ॅलन अँड गिंटर दोघंही त्यात आले. गिऱ्हाईक पळवायला समोर कुणी उरलंच नाही, तर चित्रं फुकट कशाला वाटायची? काही वर्षांत कार्डं जवळपास नाहीशी झाली. ती परत आली १९०९ च्या सुमारास. १९११ साली सर्वोच्च न्यायालयाने या मक्तेदारीचे तुकडे करायचा आदेश दिला.

‘टी२०६’ म्हणजे काय आणि त्याचा एवढा गाजावाजा का?

१९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅकोने आपल्या वेगवेगळ्या छापांच्या सिगारेटींसोबत दिलेला संच. साधारण ३.७ बाय ६.७ सेंटिमीटरची छोटी रंगीत कार्डं, पांढरी किनार, सव्वापाचशेच्या आसपास वेगवेगळी चित्रं. मागे ‘पीडमाँट’, ‘स्वीट कॅपोरल’, ‘पोलर बेअर’ अशी निरनिराळ्या छापांची जाहिरात. पुढची चित्रं आणि मागच्या जाहिराती यांच्या जोड्या लावायला बसलात तर आयुष्य पुरत नाही, आणि तशी आयुष्यं घालवलेले लोक आहेत.

या संचात एक कार्ड पिट्सबर्गच्या होनस वॅगनरचं आहे. वॅगनरच्या नकारामुळे ते थांबवलं गेलं, म्हणून आज त्याच्या साठेकच्या आत प्रती माहीत आहेत. दुसरं दुर्मीळ कार्ड एडी प्लँकचं. आणि शेरी मॅगीच्या आडनावाचं स्पेलिंग चुकलेलं एक कार्ड, जे चूक लक्षात आल्यावर सुधारलं गेलं आणि म्हणूनच महाग झालं.

वॅगनरने खरंच तंबाखूला विरोध म्हणून कार्ड थांबवलं?

विरोध झाला हे नक्की. कंपनीने पिट्सबर्गचा क्रीडापत्रकार जॉन ग्रुबर याला सांगितलं होतं की वॅगनरची परवानगी मिळवून दे, १० डॉलर देऊ. वॅगनरने नकार कळवला, वर ग्रुबरचं नुकसान नको म्हणून स्वतःच्या खिशातून १० डॉलरचा धनादेश पाठवला. ग्रुबरने तो वटवलाच नाही, फ्रेम करून ठेवला. ही हकीकत १९१२ मध्येच छापून आली होती.

कारणाबद्दल मात्र दोन तट आहेत. कार्डासाठी पोरं सिगारेटी घेतील हे वॅगनरला नको होतं, असं एक म्हणणं. दुसरं असं की कंपनी त्याला पैसे देत नव्हती. वॅगनर स्वतः तंबाखू चघळायचा आणि त्याआधी एका सिगार कंपनीच्या जाहिरातीत त्याचं चित्र आलेलं होतं, हे दुसऱ्या तटाचं हुकमी पान. पण मोठ्या माणसाने स्वतः तंबाखू खाणं आणि पोरांनी खाऊ नये असं वाटणं यात मला विसंगती दिसत नाही. आपल्या घरोघरी असे आजोबा होऊन गेले.

पहिले संग्राहक कोण होते, मुलं की मोठी माणसं?

संख्येने मुलं. सिगारेट ओढणारा बाप, काका किंवा अनोळखी गृहस्थ दुकानातून बाहेर पडला की पोरं त्याला घेरून कार्ड मागायची. मग अदलाबदल, भिंतीवर कार्डं फेकून जिंकायचे खेळ, खिशात घडी, वहीत खळ. आज या कार्डांचे कोपरे गोल झालेले दिसतात ते याच हातांनी.

पण मुलं मोठी झाली की कार्डं मागे पडत. छंद म्हणून टिकवला तो मोजक्या प्रौढांनी, आणि तेही बहुतेक एकेकटे, एकमेकांपासून शेकडो मैल लांब. आपल्यासारखा आणखी कुणी वेडा आहे हे त्यांना कळायचं ते टपालाने.

जेफरसन बर्डिक कोण होता? सगळे त्याचंच नाव का घेतात?

कारण त्याच्या आधी कार्डं होती, संग्राहकही होते, पण कुठे काय छापलं गेलं हेच कुणाला नीट ठाऊक नव्हतं. यादी नाही तर ‘राहिलेलं कार्ड’ ही कल्पनाच उभी राहत नाही, आणि राहिलेलं कार्ड नाही तर भाव कशाला फुटेल? म्हणून मी म्हणेन की हा सगळा बाजार एका यादीतून निघाला, आणि ती यादी ज्याने केली त्याला बाजारात काडीचा रस नव्हता.

बर्डिकचा जन्म १९०० चा, राहणार न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूजचा. विजेचं सामान बनवणाऱ्या ‘क्राउज-हाइंड्स’ कारखान्यात तो सुट्या भागांची जुळणी करायचा. लग्न केलं नाही. संधिवाताने बोटं वाकडी झालेली, दुखणं वर्षानुवर्षं वाढतच गेलेलं. बेसबॉलचा तो काही फार मोठा चाहता नव्हता. त्याला छापील चित्रांचं वेड होतं: जाहिरात-कार्डं, शुभेच्छापत्रं, सिगारेटची, खाऊची, पावाच्या पाकिटातली. १९३७ पासून तो संग्राहकांसाठी एक छोटं पत्रक काढू लागला आणि १९३९ मध्ये त्याने अमेरिकन कार्डांची पहिली व्यापक सूची छापली. पुढे तिला ‘अमेरिकन कार्ड कॅटलॉग’ हे नाव मिळालं; शेवटची आवृत्ती १९६० ची.

१९४७ च्या सुमारास त्याने आपला संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियम ऑफ आर्टला द्यायचं ठरवलं. तिथले मुद्राचित्र विभागाचे प्रमुख ए. हायट मेयर यांनी तो स्वीकारला, पण लावून देण्याची जबाबदारी बर्डिकवरच टाकली. तीन लाखांहून जास्त तुकडे, त्यांतली बेसबॉलची साधारण तीस हजार. बर्डिक आधी सिराक्यूजहून ये-जा करायचा, मग नोकरी सोडून न्यूयॉर्कला राहायलाच आला आणि संग्रहालयातल्या एका टेबलाशी बसून त्याच वाकड्या बोटांनी कार्डं अल्बममध्ये चिकटवत राहिला. १० जानेवारी १९६३ रोजी काम पुरं झालं. दुसऱ्या दिवशी तो रुग्णालयात गेला आणि १३ मार्चला वारला.

चिकटवली? म्हणजे डिंकाने?

हो, डिंकाने. त्यांत वॅगनरचं कार्डही आलं. आजच्या संग्राहकाला हे ऐकून घाम फुटतो. पण बर्डिकसाठी कार्ड ही बघायची वस्तू होती. मागची बाजू झाकली गेल्याने किंमत किती घसरेल हा हिशेब त्याच्या डोक्यातच नव्हता.

टी, एन, ई, आर ही अक्षरं कुठून आली?

त्याच्याच सूचीतून. ‘एन’ म्हणजे एकोणिसाव्या शतकातली तंबाखूची कार्डं, ‘टी’ विसाव्या शतकातली, ‘ई’ सुरुवातीच्या काळातली गोळ्या-चॉकलेटांची, ‘आर’ १९३० नंतरची गम आणि खाऊची, ‘डी’ बेकरीची. म्हणून ‘ओल्ड जज’ झालं एन१७२ आणि वॅगनरचा संच झाला टी२०६. लाखो डॉलरचे सौदे आजही या कारखान्यातल्या जुळाऱ्याने दिलेल्या आकड्यांवर होतात.

तेव्हा कार्डांना भाव काय मिळायचा?

बर्डिकने सूचीत किंमती दिल्या होत्या, पण त्या सेंटांत. साधं टी२०६ कार्ड काही सेंटांना. वॅगनरपुढे मात्र ५० डॉलर लिहिलेले, आणि तेव्हाच्या मंडळींना हा आकडा वेडेपणाचा वाटायचा. त्या पिढीत कार्डाच्या बदल्यात कार्ड हा सभ्य व्यवहार, आणि पैसे मागणं जरा कमीपणाचं. सूचीतले भाव वाढवू नयेत, म्हणजे पोरासोरांनाही छंद परवडेल, असा बर्डिकचा आग्रह होता. तो टिकणार नव्हता. एकदा वस्तू दुर्मीळ आहे हे छापून आलं की ती स्वस्त राहत नाही, आणि छापलं त्यानेच होतं.

गमसोबतची कार्डं कधी आली?

गोळ्या-चॉकलेटांसोबत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासूनच येत होती. ‘क्रॅकर जॅक’ची १९१४ आणि १९१५ ची कार्डं तर गोड पाकातल्या लाह्यांत टाकलेली, त्यामुळे त्यांवर डाग ठरलेले. पण गमचा खरा जमाना १९३३ मध्ये बॉस्टनच्या ‘गुडी’ कंपनीने सुरू केला. २४० आकड्यांचा संच, त्यात बेब रूथ या बड्या खेळाडूची चार कार्डं.

गंमत १०६ क्रमांकाची. तो आकडा १९३३ मध्ये छापलाच नव्हता. पोरं सेंट-सेंट घालून गम चघळत बसली आणि १०५ नंतर थेट १०७. काहींनी कंपनीला पत्रं लिहून जाब विचारला. १९३४ मध्ये कंपनीने नॅप लाझ्वे या जुन्या खेळाडूचं १०६ क्रमांकाचं कार्ड छापून तक्रार करणाऱ्यांना टपालाने पाठवलं. पत्राला ते पेपरक्लिपने अडकवलेलं असे, म्हणून उरलेल्या बऱ्याच प्रतींवर क्लिपचा वळ आहे. छंदाच्या इतिहासात गिऱ्हाइकाने लबाडी पकडल्याची मला माहीत असलेली ही सर्वांत गोड नोंद.

दुसऱ्या महायुद्धाचा परिणाम झाला का?

झाला. कागद आणि साखर दोन्ही तुटवड्यात, त्यामुळे १९४१ नंतर मोठे संच थांबले ते १९४८ पर्यंत. शिवाय युद्धासाठी रद्दी गोळा करण्याच्या मोहिमांत घरोघरचे खोके गेले. टी२०६ आज जितकी उरली तितकी उरली हेच नवल.

टॉप्सने कार्डं समुद्रात बुडवली ही गोष्ट खरी आहे का?

ज्याने बुडवली त्यानेच ती सांगितली आहे. ब्रुकलिनच्या टॉप्स या गम कंपनीत साय बर्गर याने १९५२ चा ४०७ कार्डांचा संच बेतला: मोठा आकार, संघाचं चिन्ह, खेळाडूची सही, मागे आकडेवारी. ३११ पासूनची शेवटची तुकडी बाजारात आली तेव्हा बेसबॉलचा हंगाम उतरणीला लागला होता आणि पोरं अमेरिकन फुटबॉलकडे वळली होती. दुकानदारांनी माल उचलला नाही. उरलेली खोकी वर्षानुवर्षं गोदामात पडली. जत्रेवाल्यांना फुंकून टाकायचा प्रयत्नही बर्गरने केला. अखेर १९६० मध्ये न्यू जर्सीच्या किनाऱ्याबाहेर पडावातून नेऊन ती अटलांटिकमध्ये लोटली.

त्या तुकडीचा पहिला क्रमांक, ३११, म्हणजे मिकी मँटल हा बडा खेळाडू. त्याचं एक कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. हे मँटलचं पहिलं कार्ड नव्हे. पहिलं बोमन कंपनीचं, १९५१ चं. लोक तरी याच्याच मागे लागतात. बोमनला टॉप्सने १९५६ मध्ये विकत घेतलं आणि पुढे जवळपास पंचवीस वर्षं मैदान त्यांचंच होतं.

पहिले व्यापारी कोण?

टपालाने धंदा करणारी मंडळी. बर्डिकचं पत्रक पुढे पेनसिल्व्हेनियाच्या चार्ल्स ब्रे याने चालवलं आणि त्यातून टपाली लिलाव घेतले. यादी छापायची, लोकांनी पोस्टकार्डावर बोली पाठवायची, ठरलेल्या दिवशी ज्याची जास्त त्याला माल. वस्तू न बघता, फोटोही नसताना, फक्त समोरच्याच्या शब्दावर! फसवणूक फारशी होत नव्हती, कारण सगळं मिळून जग काही शे माणसांचं. एकदा नाव खराब झालं की पत्रांना उत्तरं येणं बंद.

दुसरा महत्त्वाचा माणूस वूडी गेलमन. हा टॉप्समध्येच चित्रांचं काम बघायचा, बर्गरसोबत १९५२ च्या संचातही त्याचा हात होता, आणि बाजूला ‘कार्ड कलेक्टर्स कंपनी’ या नावाने न्यूयॉर्क राज्यातल्या फ्रँकलिन स्क्वेअरहून सुटी कार्डं आणि पूर्ण संच विकायचा. एकच माणूस कारखान्यातही आणि दुकानातही. आज कुणी असं केलं तर ओरड होईल. पण एखादं राहिलेलं कार्ड हवं असलेल्या मुलाला त्याची दरपत्रिका हा मोठा आधार होता.

दुसरा कुठलाही पोटापाण्याचा उद्योग न करता फक्त कार्डांवर जगणारा पहिला माणूस म्हणून विस्कॉन्सिनमधल्या स्टीव्हन्स पॉइंटच्या लॅरी फ्रिचचं नाव घेतात. साल १९७०. म्हणजे ‘ओल्ड जज’पासून ऐंशीहून जास्त वर्षं हा धंदा कुणाचाच पूर्णवेळ नव्हता.

मेळावे कसे सुरू झाले?

घरात. १९६९ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातल्या ब्रिया इथे काही संग्राहक एकाच्या घरी जमले, आणि तो पहिला मेळावा मानतात. लगोलग डेट्रॉइटकडे, मग न्यूयॉर्ककडे मेळावे भरू लागले. वर्षानुवर्षं पत्राने ओळखणारी माणसं पहिल्यांदा एकमेकांची तोंडं बघत होती. हॉटेलची खोली, पलंगावर मांडलेला माल, रात्रभर अदलाबदल. दशकभरात याचं रूप टेबलं भाड्याने देणाऱ्या बाजारात झालं आणि १९८० मध्ये लॉस एंजेलिसला पहिलं राष्ट्रीय संमेलन भरलं.

भाव एकदम चढले कशामुळे?

पन्नाशीच्या दशकातली पोरं कमावती झाली आणि बालपण परत विकत घ्यायला निघाली, हे अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं म्हणजे दरपुस्तक. संख्याशास्त्राचे प्राध्यापक जेम्स बेकेट यांनी संग्राहकांकडून भाव मागवून त्यांचं सर्वेक्षण सुरू केलं आणि १९७९ मध्ये डेनिस एकीस यांच्यासोबत पहिलं दरपुस्तक काढलं. १९८४ पासून मासिकच निघू लागलं. आता बारा वर्षांच्या पोरालाही काउंटरवर उभं राहून सांगता येऊ लागलं की काका, याचा भाव अमुक आहे. घासाघीस संपली नाही, पण ती एका छापील आकड्याभोवती होऊ लागली. व्यापाऱ्याजवळचं गुपितच गेलं.

‘आईने माझी कार्डं फेकून दिली’ असं प्रत्येक अमेरिकन का म्हणतो?

कारण बऱ्याच आयांनी खरंच फेकली. आणि बरं झालं म्हणायचं, कारण सगळ्यांनी जपली असती तर त्यांना भावच आला नसता. १९८० नंतर लोकांनी धडा घेतला आणि खोकीच्या खोकी प्लास्टिकमध्ये जपली. त्या काळातली बहुतेक कार्डं आज रद्दीच्या मोलाची आहेत.

कार्डाची अवस्था कधीपासून एवढी महत्त्वाची झाली?

बर्डिकच्या पिढीत कार्ड आहे की नाही एवढाच प्रश्न होता. भाव चढले तसे लोक कोपऱ्यांकडे बघू लागले, आणि कोपरे बघू लागल्यावर ते टोकदार दिसावेत म्हणून कात्रीही आली. सगळ्यात प्रसिद्ध वॅगनर याचा पुरावा आहे. बिल मॅस्ट्रो या व्यापाऱ्याने ते १९८५ मध्ये २५ हजार डॉलरला घेतलं. १९९१ च्या सदबीजच्या लिलावात आइस हॉकीपटू वेन ग्रेट्स्की आणि ब्रूस मॅकनॉल यांनी त्याला ४ लाख ५१ हजार मोजले. त्याच वर्षी सुरू झालेल्या पीएसए या प्रमाणन कंपनीने आपला पहिला दर्जा याच कार्डाला दिला: दहापैकी आठ. आणि २०१३ मध्ये मॅस्ट्रोने न्यायालयात कबूल केलं की कार्डाच्या कडा त्याने कापल्या होत्या. त्याला वीस महिन्यांची कैद झाली. कार्डाची किंमत मात्र पडली नाही; २००७ मध्येच ते २८ लाख डॉलरला गेलं होतं आणि आज ते आणखी महाग समजलं जातं.

भारतात असं काही होतं का?

सिगारेट-कार्डांचा प्रघात ब्रिटनमध्ये अमेरिकेपेक्षाही खोलवर रुजला आणि तिथे क्रिकेटपटूंचे संच भरपूर निघाले. आपल्याकडच्या पोरांनी मात्र काडेपेटीच्या छापा गोळा केल्या, आणि ऐंशी-नव्वदच्या दशकांत बबलगमसोबत मिळणारी क्रिकेटपटूंची कार्डं. त्यांची अशी सूची कुणी केल्याचं माझ्या पाहण्यात नाही. करायला हवी.

न्यू जर्सीत घर घेतलं, माळ्यावर जुन्या कार्डांचं खोकं सापडलं. काय करू?

आधी काहीही पुसू नका, सरळ करू नका, चिकटपट्टी तर लावूच नका. साबणाच्या पाण्याने कार्ड ‘स्वच्छ’ करणारे महाभाग आहेत. मग मागची बाजू बघा. सिगारेटचं नाव आणि बोटभर आकार असेल तर काळजीपूर्वक पुढे चला. पण टी२०६ च्या नकलाही दशकानुदशकं छापल्या जात आहेत. मूळ कार्डाचा पुठ्ठा पातळ पण टणक असतो, आणि भिंगाखाली चित्रातल्या रंगांचे ठिपके दिसले तरी नाव मात्र सलग शाईत छापलेलं असतं. नावही ठिपक्याठिपक्यांचं दिसलं तर ती फोटोवरून काढलेली नक्कल समजा. टॉप्सचं १९८० नंतरचं काही असेल तर मुलांना खेळायला द्या. आणि दारात रोख घेऊन उभा राहिलेल्या पहिल्या माणसाला खोकं विकू नका. आधी प्रत्येक कार्डाचा फोटो काढा, यादी करा आणि किमान दोन ठिकाणी दाखवा.